दर्प

मराठीत ‘दर्प’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, एक गर्वाचा आणि दुसरा उग्र वासाचा. ‘त्याला सत्तेचा दर्प चढला’ असे आपण म्हणतो, आणि ‘खोलीत औषधांचा दर्प भरून राहिला होता’ असेही म्हणतो. या दोन गोष्टी एकाच शब्दात का नांदाव्यात याचा उलगडा भाषेचे जाणकार करतील तेव्हा करोत. आमच्या व्यवसायात मात्र गेली वीस-बावीस वर्षे हे दोन्ही दर्प आम्हांस एकाच छताखाली नांदताना दिसत आले आहेत, आणि पहिल्याने दुसऱ्यावर पांघरूण घातले आहे असे आता वाटू लागले आहे. प्रस्तुत लेख त्या पांघरुणाविषयी आहे.

आम्ही विकृतिशास्त्राचे, म्हणजे पॅथॉलॉजीचे. शस्त्रक्रियेत काढलेले पित्ताशय, गर्भाशय, स्तनातली गाठ, आतड्याचा तुकडा हे सारे प्लास्टिकच्या डब्यांतून आणि बरण्यांतून फॉर्मॅलिनमध्ये बुडून आमच्या टेबलावर येते. डबा उघडायचा, अवयव बाहेर काढायचा, मोजायचा, कापायचा, त्यातले नेमके तुकडे निवडायचे. मग ते अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेले पॅराफिन यांतून जाऊन त्यांच्या काचपट्ट्या होतात, आणि त्या पाहून आम्ही निदान लिहितो. कर्करोग आहे की नाही, पसरला आहे की नाही, हे ठरवणारा कागद या खोलीतून निघतो. कामाची थोरवी सांगण्यासाठी हे लिहिलेले नाही. ही खोली टाळता येण्याजोगी नाही एवढेच ध्यानात यावे. फॉर्मॅलिनवाचून आजही आमचे पान हलत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक विद्यार्थिनी पदव्युत्तर शिक्षणासाठी आली. हुशार, हाताने नेटकी. पहिल्या महिन्यातच ती म्हणाली, ‘सर, डोळ्यांतलं पाणी थांबत नाही, आणि रात्री खोकल्यानं झोप लागत नाही.’ आम्ही हसून म्हणालो, ‘अगं, होईल सवय. आम्हां सगळ्यांना झाली.’ तिने मान डोलावली. पुढे चार-पाच महिने तिने तो विषय काढला नाही. मग एके दिवशी ती एक कागद घेऊन आली. छातीरोगतज्ज्ञांनी तिला फुंकर मारून मोजण्याचे एक साधे यंत्र, पीक फ्लो मीटर, दिले होते आणि दिवसातून चार वेळा आकडा लिहून ठेवायला सांगितले होते. त्या कागदावर आठवडाभर आकडे पायरीपायरीने खाली उतरत होते आणि रविवारी वर चढत होते. सोमवारपासून पुन्हा उतरण. सहा आठवडे, सहा रविवार. त्या कागदाला उत्तर नव्हते. तिने शाखा सोडली. जागा सोडल्याबद्दलचा दंड वडिलांनी भरला. जाताना ती आमच्या पाया पडली, याची टोचणी अजून जात नाही. तो कागद आमच्या खणात आहे.

‘सवय होईल’ हे वाक्य आम्ही घडवलेले नव्हते. आम्हांस ते आमच्या शिक्षकांनी सांगितले होते, त्यांना त्यांच्या शिक्षकांनी. वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी शवविच्छेदनाच्या दालनात पाऊल ठेवताच ते कानी पडते आणि ते धीराचे वाक्य वाटते. म्हणूनच ते खरे आहे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

सर्वसाधारण बोलण्यात आपण ‘वास’ म्हणून जे सांगतो त्यात दोन संवेदना मिसळलेल्या असतात. मराठी भाषा या बाबतीत फार चोख आहे. वास ‘येतो’, पण मिरचीची धुरी ‘झोंबते’. फोडणीचा घमघमाट सुटतो, आणि त्याच फोडणीने ठसकाही लागतो. शरीराच्या दृष्टीने हे दोन निरनिराळे मार्ग आहेत. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकी पहिली गंधाची. तिची टोके नाकाच्या छताशी असतात. झोंबणे, चुरचुरणे, डोळ्यांत पाणी येणे हे काम पाचव्या जोडीचे, ट्रायजेमिनल मज्जातंतूचे. ती चेहऱ्याच्या वेदनेचीही वाहक. गंध ओळख सांगतो, झोंबणे इजेची सूचना देते. फॉर्मॅलिन, अमोनिया, क्लोरीन, ग्लुटराल्डिहाइड यांचे ‘उग्रपण’ बव्हंशी या दुसऱ्या वाटेने कळते.

आता सवयीचे पाहू. गंधाला नाक फार लवकर सरावते. अत्तराच्या दुकानात शिरल्यावर काही मिनिटांतच तो घमघमाट जाणवेनासा होतो, हा प्रत्येकाचा अनुभव आहे. पण हवेतले अत्तर त्यामुळे कमी झालेले नसते. आमच्या खोलीतही तसेच होते. पहिला डबा उघडताना जो भपकारा येतो तो दहाव्या डब्याच्या वेळी येत नाही, आणि आम्ही समजतो की आम्ही सरावलो. वस्तुतः सरावले ते फक्त नाक. श्वासनलिकेच्या आतल्या नाजूक अस्तराला सराव नावाची गोष्ट ठाऊक नाही. त्याच्यापुढे दोनच वाटा असतात, सोसणे किंवा बिघडणे. घरातल्या पहारेकऱ्याला झोप लागली आणि आपण म्हणालो की चोर यायचे थांबले, त्यातलाच हा प्रकार.

फॉर्मॅल्डिहाइड हा निरुपद्रवी शेजारी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले. नाकाच्या मागील घशाच्या कर्करोगाचा पुरावा त्या वेळी पुरेसा ठरला, आणि पुढे २००९ साली रक्ताच्या कर्करोगाबाबतही तसाच निष्कर्ष आला. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत पाऊण भाग एवढीच आहे. हे सारे आम्ही परीक्षेत लिहिले होते आणि परीक्षक या नात्याने विद्यार्थ्यांना विचारलेही होते. तरीही आमच्या खोलीतल्या हवेत ते प्रमाण किती आहे हे कधी मोजले गेले नव्हते. कर्करोगाचे निदान करणाऱ्यांच्या खोलीत हे घडावे, याला दर्प म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

वाचकांपैकी काहींना येथे शंका येईल की काही माणसे उगाच नाक मुरडणारी असतात, आणि प्रत्येकाचे मनावर घेऊ लागलो तर रुग्णालये चालायची कशी? शंका रास्त आहे. ‘मला हा वास सहन होत नाही’ या एका वाक्यामागे किमान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांची गल्लत झाली की सर्वांचेच नुकसान होते.

पहिली गोष्ट चरचरीची. प्रमाण पुरेसे झाले की कोणाचेही डोळे झोंबतील, घसा खवखवेल. यात नाजूकपणाचा प्रश्नच नाही. असलाच तर तो खोलीच्या हवेचा आहे. दुसरी गोष्ट खऱ्या व्यवसायजन्य दम्याची. ग्लुटराल्डिहाइडसारख्या पदार्थाने काहींची श्वसनसंस्था संवेदित होते, आणि एकदा तसे झाले की पुढे अगदी अल्प प्रमाणही पुरते. याखेरीज, एकाच वेळी मोठा भपकारा छातीत गेल्यावर दम्यासारखा विकार जडतो, असे स्टुअर्ट ब्रुक्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली नोंदवले. या दोहोंची तपासणी करता येते, आकड्यांत दाखवता येते. आमच्या विद्यार्थिनीचा कागद हे त्याचे उदाहरण. तिसरी गोष्ट सर्वांत वादग्रस्त: अनेक रसायनांचा, अत्यल्प प्रमाणातही, डोकेदुखी, मळमळ, थकवा अशा रूपाने होणारा त्रास. १९८७ साली मार्क कलन यांनी त्याला ‘बहुरासायनिक संवेदनशीलता’ अशा अर्थाचे नाव दिले. वास लपवून केलेल्या प्रयोगांत अशा अनेकांना रसायन आहे की नुसती हवा आहे हे खात्रीने सांगता आले नाही. त्यावरून त्रास रसायनाच्या विषारीपणाने होत नसून अपेक्षेने, भीतीने, जुन्या अनुभवाच्या आठवणीने होतो, असे मत पुष्कळांनी मांडले आहे.

पण याचा अर्थ त्रास खोटा, असा होत नाही. ज्याला एकदा क्लोरीनने गुदमरवले त्याला पुढे ब्लीचचा नुसता वास आला तरी छातीत धडधडावे, यात ढोंग ते काय? तोही देहच आहे. उपाय मात्र निरनिराळे असतील. पहिल्याला हवा बदलून द्यावी लागेल, दुसऱ्याला त्या पदार्थापासून दूर न्यावे लागेल, तिसऱ्याला विश्वासात घेऊन हळूहळू धीर द्यावा लागेल. ‘सवय होईल’ हे एकच औषध तिघांना देणे हा वैद्यकीय अडाणीपणा आहे. रुग्णाच्या बाबतीत निदानाआधी औषध देणाऱ्याला आपण भोंदू म्हणतो. सहकाऱ्याच्या बाबतीत तेच करणाऱ्याला आपण ‘कणखर’ म्हणत आलो.

आमच्या शास्त्राचा इतिहास पाहिला तर वासाने आणि त्वचेने दिलेल्या तक्रारी ऐकल्या गेल्या तेव्हाच तो पुढे सरकलेला दिसतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात जाणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. तो पदार्थ त्यांनी निवडला याचे कारण साधे होते. साबणाने धुऊनही हातांना चिकटून राहणारा प्रेताचा वास त्याने जात होता. जंतूंची कल्पना तेव्हा प्रस्थापित झालेली नव्हती. वास उरतो म्हणजे काहीतरी उरते, एवढ्या तर्कावर ते चालले, आणि एप्रिलमध्ये शंभरामागे अठरा बाळंतिणी मरत होत्या त्या कक्षात जूनमध्ये ते प्रमाण दोनाच्या आसपास आले. नाकाने सांगितलेले त्यांनी मानले, हे त्यांचे मोठेपण.

जोसेफ लिस्टर यांनी १८६५ पासून जखमांवर कार्बोलिक आम्ल वापरले आणि शस्त्रक्रियेचे युग बदलले. पुढे त्यांनी शस्त्रक्रियागृहाच्या हवेतच कार्बोलिकचा फवारा सोडायला सुरुवात केली. तो फवारा शल्यविशारदांच्या हातांना आणि श्वासाला नकोसा होई, तरी तो वर्षानुवर्षे चालला. जंतू प्रामुख्याने हवेतून नव्हे तर हातांतून आणि हत्यारांतून येतात हे पटल्यावर लिस्टर यांनी तो सोडून दिला, आणि १८९० साली बर्लिनच्या परिषदेत, आपण त्याची शिफारस केली होती याची लाज वाटते अशी जाहीर कबुली दिली. एवढ्या मोठ्या माणसाने अशी कबुली द्यावी, यातून आमच्यासारख्यांनी काही शिकायला हवे होते.

फॉर्मॅलिनची कथा तर अधिकच बोलकी आहे. फ्रँकफुर्टचे डॉक्टर फर्डिनांड ब्लूम हे १८९३ च्या सुमारास त्याचा जंतुनाशक म्हणून अभ्यास करत होते. काम करताकरता त्यांच्या लक्षात आले की आपल्या बोटांची त्वचा कडक झाली आहे, अल्कोहोलमध्ये ठेवलेल्या ऊतींसारखी. त्यावरून त्यांना ऊती टिकवण्याची युक्ती सुचली. म्हणजे आमच्या शास्त्राचा पाया ज्या द्रवावर उभा आहे, त्याने पहिल्यांदा ‘टिकवले’ ते काम करणाऱ्या माणसाचेच बोट.

आणि मग बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातली १८८९-९० च्या हिवाळ्यातली गोष्ट. शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांच्या हातांची त्वचा मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने सोलवटली. त्या कामात निष्णात होत्या. त्यांना काम सोडावे लागेल अशी वेळ आली तेव्हा शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे दोघांचे लग्न झाले, त्यामुळे ही गोष्ट प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. आमच्या मते तिचे खरे महत्त्व दुसरे आहे. ते मोजे रुग्णांसाठी केलेले नव्हते. एका कर्मचाऱ्याच्या सोसेना झालेल्या हातांसाठी केलेले होते. हळूहळू सहकारी ते वापरू लागले, आणि १८९९ साली त्याच रुग्णालयातील जोसेफ ब्लडगुड यांनी दाखवून दिले की सर्वांनी मोजे घातले तर जखमा चिघळण्याचे प्रमाण ठळकपणे घटते. एका बाईंच्या ‘नाजूक’ त्वचेची कोणी दखल घेतली म्हणून आज जगातला प्रत्येक रुग्ण अधिक सुरक्षित आहे. हॉल्स्टेड यांनी ‘सवय होईल’ म्हटले असते तर?

ज्याला आधी त्रास होतो तो दुबळा असतो, हा समज मुळातच तपासून पाहिला पाहिजे. त्याला आधी कळते, एवढेच खरे. आणि वैद्यकात आधी कळणे यापरते मोलाचे काय आहे? जुने वैद्य आणि डॉक्टर नाकाने पुष्कळ काही ओळखत. मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत श्वासाला येणारा पिकल्या फळांसारखा वास, यकृत निकामी होतानाचा विशिष्ट दर्प, काही जंतूंमुळे जखमेला येणारा द्राक्षांसारखा गोडूस वास हे आजही शिकवले जाते. स्कॉटलंडच्या निवृत्त परिचारिका जॉय मिल्न यांना आपल्या पतीच्या अंगाचा वास बदललेला जाणवला तो पार्किन्सनचे निदान होण्याच्या सुमारे बारा वर्षे आधी. शास्त्रज्ञांनी त्यांची परीक्षा घेतली. रुग्णांनी आणि निरोगी माणसांनी वापरलेल्या बनियनांपैकी कोणती रुग्णांची ते त्यांनी वासावरून सांगितले. एका ‘निरोगी’ माणसाचे बनियन त्यांनी रुग्णांत टाकले ते चूक मानले गेले. काही महिन्यांनी त्या माणसालाही तेच निदान झाले. त्यांच्या नाकाच्या साहाय्याने त्वचेच्या तेलातले कोणते घटक बदलतात याचा शोध सुरू झाला आणि २०१९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. असे तल्लख नाक आमच्या खोलीत आले असते तर पहिल्याच महिन्यात आम्ही त्याला ‘सवय होईल’ म्हटले असते, आणि त्याने शहाणपणाने पळ काढला असता.

येथवर आम्ही डॉक्टरांविषयी बोललो. पण रुग्णालयात रसायनांशी सर्वांत जवळचा संबंध डॉक्टरांचा नसतो, तो ‘मावशीं’चा आणि ‘मामां’चा असतो. फरशीवर फिनेल त्या टाकतात, हायपोक्लोराइटच्या बादल्या ते कालवतात, आणि संडासात आम्ल व ब्लीच एकामागून एक ओतले की क्लोरीन वायू निघतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. डॉक्टरांना त्रास झाला की त्याला ‘ॲलर्जी’ म्हणतात. मावशींना झाला की ‘वय झालं, दम लागतो’ असे म्हणतात, आणि बऱ्याचदा त्या स्वतःच तसे म्हणतात. आमच्या मजल्यावरच्या मावशी पदराने नाक बांधून काम करत. त्या पदरातून वायू आत जातो हे त्यांना सांगायचे आम्हांस वीस वर्षांत सुचले नाही. अमेरिकेतील ७३ हजारांहून अधिक परिचारिकांच्या पाहणीत जंतुनाशकांचा नित्य वापर आणि फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार यांचा संबंध २०१९ साली दाखवला गेला. निरनिराळ्या जंतुनाशकांगणिक धोका २५ ते ३८ टक्क्यांनी अधिक आढळला. कंत्राटी सफाई कामगारांची अशी पाहणी झाली तर आकडे कुठे जातील, याचा विचार करवत नाही.

तीव्र वास म्हणजेच स्वच्छता, ही समजूतही याच्या मुळाशी आहे. रुग्णालयात शिरताच फिनेलचा भपकारा आला नाही तर नातेवाइकांना ते अस्वच्छ वाटते. या समजुतीचे टोक आपण मार्च २०२० च्या अखेरीस पाहिले. बरेलीत गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचा फवारा मारण्यात आला. पुढे एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला, माणसांवर असा फवारा मारू नये, तो शरीराला आणि मनाला अपायकारक आहे, असे लेखी कळवावे लागले. लिस्टर यांनी १८९० साली ज्याची लाज मानली तोच फवारा एकशेतीस वर्षांनी आपण सर्वांत गरिबांवर मारला. शस्त्रक्रियागृहात फॉर्मॅलिनची धुरी देण्याची चालही अद्याप अनेक ठिकाणी टिकून आहे. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००८ च्या मार्गदर्शिकेत रुग्णसेवेच्या जागी नित्याचा जंतुनाशक धूर करू नये असे म्हटले आहे, तरीही आमच्याकडे शनिवारी धुरी दिली नाही तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते.

मग करावे काय? फॉर्मॅलिन सोडता येत नाही हे आम्ही आरंभीच मान्य केले आहे. पण त्याला आवरता येते. आधी निरुपयोगी उपाय सांगतो, कारण तेच अधिक प्रचलित आहेत. नाकाखाली बाम चोळणे, रुमालाला अत्तर लावणे, खिशात कापराची वडी ठेवणे. याने वास झाकला जातो, वायू अडत नाही. उलट सूचना देणारा एकमेव पहारेकरी बधिर होतो. कोविडनंतर सर्वांच्या ओळखीचा झालेला एन-९५ मुखपट्टा कणांना अडवतो, वायूंना नाही. त्यासाठी त्या वायूकरिता बनवलेली गाळणी असलेला मुखवटा लागतो. वास नसलेले रसायन म्हणजे निर्धोक रसायन, हाही भ्रमच. ग्लुटराल्डिहाइडऐवजी आलेल्या ऑर्थोथॅलाल्डिहाइडला वास जवळजवळ नाही, पण त्यानेही काहींना ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत.

उपयोगी उपाय फारसे दिमाखदार नाहीत. डब्यांची झाकणे घट्ट असावीत आणि ती उघडण्याची वेळ थोडकी असावी. अवयव कापण्याआधी वाहत्या पाण्यात धुऊन घ्यावा. सांडलेले लगेच टिपावे. संपृक्त फॉर्मॅलिन प्रत्येकाने कोपऱ्यात उभे राहून पातळ करण्यापेक्षा तयार द्रावण आणावे. हवा ओढणारा पंखा छताशी न ठेवता टेबलाच्या पातळीवर असावा, म्हणजे वायू आपल्या नाकावरून न जाता नाकापासून दूर जाईल. आणि ज्याला त्रास होतो त्याला तो सांगण्याची मुभा असावी, आणि सांगितल्यावर त्याच्या हाती आधी फुंकरीचे यंत्र द्यावे, उपदेश नंतर.

यावर ‘पैसा कुठून आणायचा?’ असे विचारले जाईल. तालुक्याच्या रुग्णालयात जिथे सलाइन पुरत नाही तिथे टेबलाखालून हवा ओढणारी यंत्रणा मागणे चैनीचे वाटेल, हे आम्ही जाणतो. पण वरच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींना पैसा लागत नाही. झाकण लावायला, पाणी सोडायला, मावशींना दोन बाटल्यांचा फरक समजावून सांगायला लागते ते फक्त एक गोष्ट मान्य करणे: आपल्याला त्रास होतो. आणि नेमके तेच आमच्या व्यवसायाला जड जाते. रात्रभर जागणे, उपाशी राहणे, वास सोसणे यांतून डॉक्टर घडतो, अशी आमची श्रद्धा आहे. सोसण्याने माणूस घडतो हे काही अंशी खरे असेलही. पण सोसण्याची सक्ती करणारा मात्र त्याने बिघडतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो.

कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर आमच्या एका सहकाऱ्याचा वास गेला. तो गमतीने म्हणे, ‘बरं झालं, आता डबे उघडायला मी.’ आणि खरोखर काही महिने सर्वांत जास्त डबे त्याने उघडले. सारे त्याला भाग्यवान समजत. पुढे वास परत आला तेव्हा तो खोलीच्या दारातच थबकला आणि म्हणाला, ‘इतका वास होता इथे?’ त्या प्रश्नाने आमची झोप उडाली. वास कमी-जास्त झालेला नव्हता. तो तेवढाच होता, आमच्या विद्यार्थिनीच्या वेळीही तेवढाच होता. ती एकटी तो खरा सांगत होती.

आता आमच्या खोलीत टेबलालगत पंखा आहे, आणि डबे धुतल्याशिवाय कापायला घेत नाहीत. फार मोठे काही नाही. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी आम्ही खणातला तो कागद दाखवतो, नाव झाकून. उतरत जाणारे आकडे आणि चढणारे सहा रविवार. डोळे चुरचुरले तर लगेच सांगा, असे म्हणतो. गेल्या खेपेस एकाने विचारले, ‘सर, सवय होत नाही का?’ आम्ही म्हणालो, ‘होते. म्हणूनच होण्याआधी सांगायचं.’